गाण्याचा व्हिडिओ शब्दांना धरून असावा का?

रानपाखरू
परवा भाचीच्या मोबाइलवर एक नवं मराठी गाणं पाहिलं. 'चांदणं' शब्द आला की पडद्यावर चांदणं, 'पाऊल' आलं की पैंजण घातलेलं पाऊल, 'डोळे' आले की काजळ घातलेले डोळे. अ अननसाचा! बालवाडीच्या भिंतीवरचा तक्ताच जणू.

त्याच रात्री 'मन के मंजीरे' पुन्हा लावलं. सन 2000 चं गाणं. आवाज शुभा मुद्गलांचा, शब्द प्रसून जोशींचे, संगीत शंतनू मोइत्रांचं. शब्दांत काय आहे? मनातल्या झांजा वाजायला लागल्या, चालणं विसरलेले पाय थिरकायला लागले. बस. ट्रक नाही, नवरा नाही, मारहाण नाही. व्हिडिओत मात्र अभिनेत्री मीता वसिष्ठ ट्रक चालवतेय. छळ करणारा संसार सोडून ट्रक चालवून पोट भरणाऱ्या एका खऱ्या बाईवरून सुचलेली ही गोष्ट. ती कळल्यावर 'चालणं विसरलेले पाय' म्हणजे काय, ते पोटात उतरतं. माझं म्हणणं एवढंच, की व्हिडिओनं शब्दांची री ओढू नये. शब्दांनी सोडलेली जागा भरावी.

जुना रेडिओ
अहो, ती जागा श्रोत्याची असते! कवीनं मुद्दाम सोडलेली. ती भरायला दिग्दर्शकाला कुणी बोलावलं?

'शुक्रतारा मंदवारा' 1962 साली आकाशवाणीसाठी झालं. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. माझ्या आईच्या मनात त्या गाण्याला आमच्या गावची नदी होती, माझ्या मनात कॉलेजमागची टेकडी. उद्या त्यावर कुणी घटस्फोटाची गोष्ट रचली तर नदीही गेली नि टेकडीही. एकदा पाहिलेलं डोळ्यांसमोरून जात नाही हो.

रानपाखरू
आईंच्या नदीला धक्का लावायची माझी हिंमत नाही :) पण 'मन के मंजीरे' तुम्ही आधी ऐकलं होतं की पाहिलं होतं?

जुना रेडिओ
पाहिलं होतं. तिथेच तर दुखणं आहे. आता ते ऐकताना ट्रकशिवाय काही दिसतच नाही. एखाद्या बाईला त्यात स्वतःची साठीतली भरतनाट्यमची शिकवणी दिसली असती, तर?

कट टू कट
मी एडिटिंग करतो, त्यामुळे कारखान्याच्या आतून बोलतो. हिरोला स्लो मोशनमध्ये गाताना दाखवायचं असेल तर कॅमेरा सेकंदाला 50 फ्रेम टिपतो आणि सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजतं. नट चिपमंकसारख्या चिरक्या आवाजावर भराभरा ओठ हलवतो. नंतर आम्ही ते 25 वर आणतो, ओठ बरोबर बसतात आणि तो संथपणे विरहात बुडालेला दिसतो. प्रत्यक्षात त्या क्षणी बिचाऱ्याचं सगळं लक्ष पुढचा शब्द चुकू नये याकडे असतं. अर्थ चेहऱ्यावर आणायचा कधी?

आणि 'चांदण्याला चांदणं' हा दर वेळी दिग्दर्शकाचा आळस नसतो. एका निर्मात्यानं मला सांगितलं होतं, "शब्द आहे ना गाण्यात, मग तो दिसला पाहिजे." एक दिवसाचं शूट, एक ड्रोन, भाड्याची बुलेट. त्यात गोष्ट कुठून आणू?

मिरचीभजी
शब्दशः दाखवलेलंही झकास असू शकतं. 'मेड इन इंडिया', 1995. अलिशा चिनॉयला भारतीय बनावटीचं हृदय हवंय आणि मिलिंद सोमण चक्क लाकडी पेटीतून निघतो! अ अननसाचाच की. पण आमच्या पिढीला अख्खं गाणं आठवो न आठवो, पेटी आठवते.

जुना रेडिओ
म्हणजे गाणं नाही, पेटी आठवते. माझाच मुद्दा मांडलात, आभार.

सुरपेटी
आ-हा या नॉर्वेच्या बँडचं 'टेक ऑन मी' घ्या. 1984 साली साधा, गाताना दाखवणारा व्हिडिओ आला, गाणं चाललं नाही. मग नव्यानं ध्वनिमुद्रण झालं आणि दिग्दर्शक स्टीव्ह बॅरननं पेन्सिलच्या रेघांचा व्हिडिओ केला. कॉमिकमधला नायक कागदातून हात बाहेर काढतो आणि कॅफेत बसलेल्या मुलीला आत ओढून घेतो. 1985 मध्ये अमेरिकेत पहिला नंबर. शब्दांत कॉमिक औषधालाही नाही. 'एकदोन दिवसांत मी निघून जाईन' एवढा धागा आहे, आणि व्हिडिओतला नायकही तसाच निसटता, कधी रेघांचा, कधी खरा. रानपाखरू म्हणतात ती जागा ही.

कट टू कट
आणि त्या रेघा हातानं काढायला महिने गेले होते. माझ्या निर्मात्याला दाखवतो. बुलेटचं भाडं वाचेल म्हणावं.

जुना रेडिओ
नायक निसटता राहतो, हे चांगलं आहे. मानलं. निदान त्या दिग्दर्शकानं शब्द नीट वाचले असावेत. ट्रकबद्दल मात्र माझं मत तेच. आता आज रात्री डोळे मिटून ते गाणं लावून बघतो, दुसरं काही दिसतंय का.

रानपाखरू
दिसलं तर इथे लिहा. भरतनाट्यम असलं तरी चालेल.