अभंग-गोंधळाला डोनल लनींसारखी तारांची साथ: बारा तारांच्या गिटारवर जमेल का?

कृष्णाकाठ_सांगली
आमच्या गटात पेटी, ढोलकी, संबळ आणि एक बारा तारांची गिटार आहे. अभंग आणि गोंधळाची गाणी जरा रॉकच्या अंगाने बसवायची आहेत. पण गिटारवर नेहमीचे कॉर्ड धरले की गाणं सिनेमातल्यासारखं वाटायला लागतं. आयर्लंडचे वादक आणि निर्माते डोनल लनी यांच्या रेकॉर्डमध्ये साथ भरगच्च असते, तरी गाणाऱ्याच्या आड येत नाही. हे कशामुळे? त्यांचं काय काय ऐकावं? आणि खरी आयरिश बुझुकी (लनी वाजवतात ते लांब मानेचं, चार जोडतारांचं वाद्य) न मागवता या गिटारवर काम भागेल का? पुरुष पांढरी दोनमध्ये (डी) गातात, बाई काळी चारमध्ये (जी शार्प).

मध्यम_पंचम
आड येत नाही, कारण त्यात गंधार नसतो. नेहमीच्या कॉर्डमध्ये शुद्ध किंवा कोमल ग येतोच आणि तो गाणाऱ्याला बांधून टाकतो. लनींची बुझुकी खालून वर जी-डी-ए-डी अशी लावलेली असते. डी हा सा धरला तर मोकळ्या तारा म, सा, प, सा. तंबोऱ्याच्या कानाला हे परकं वाटणारच नाही.

हे वाद्य मुळात ग्रीक. 1960च्या दशकात जॉनी मोयनिहन यांनी ते आयरिश संगीतात आणलं. लनींनी खालच्या दोन जोड्यांमधल्या बारीक, वरच्या सप्तकाच्या तारा काढून तिथेही सारख्याच जाड तारा चढवल्या, म्हणून त्यांचा आवाज खाली भरलेला येतो. 1970 मध्ये त्यांनी इंग्लंडचे कारागीर पीटर ॲबनेट यांच्याकडून खास आयरिश संगीतासाठी बुझुकी बनवून घेतली.

ऐकायचं तर क्रमाने ऐका. लनींच्या प्लँक्स्टी या गटाचा 1973चा पहिला अल्बम घ्या आणि लनींची बुझुकी अँडी अर्व्हाइन यांच्या मँडोलिनभोवती कशी विणली आहे तेवढंच बघा. दोघं सहसा एकच गोष्ट वाजवत नाहीत. मग बॉथी बँड, हाही लनींचाच गट. त्यात मिहॉल ओ डोनल यांची गिटार डी-ए-डी-जी-ए-डी लावलेली आहे, म्हणजे तिथेही मोकळ्या तारांत ग नाही. तुमच्या कामाचं सगळ्यात जास्त मात्र मूव्हिंग हार्ट्समध्ये आहे. 1981 मध्ये लनी आणि ख्रिस्टी मूर यांनी हा गट काढला: ड्रम, बेस, इलेक्ट्रिक गिटार, सॅक्सोफोन आणि या सगळ्यांत भात्यावर वाजणारे आयरिश पाइप्स. 1985चा ‘द स्टॉर्म’ पूर्ण वाद्यसंगीताचा आहे. संबळ आणि बेस एकत्र बसवायचे असतील तर तो पुन्हा पुन्हा ऐका. लनी निर्माते असलेला, गायिका शिनेड ओ’कॉनर यांचा 2002चा पारंपरिक गाण्यांचा अल्बमही ऐका. त्यात आवाज पुढे ठेवून बाकी सगळं कसं मागे सरकवलंय ते कळेल.

व्हिडिओ बघून शिकणार असाल तर लक्षात ठेवा, लनी डावखुरे आहेत. हात उलटे दिसतील.

तार_आणि_खुंटी
गिटारचं सांगतो. बारापैकी मधल्या चार जोड्याच वापरा, कडेच्या दोन रिकाम्या ठेवा. म्हणजे नवा नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) लागत नाही.

सुट्या तारा शोधत बसू नका. साध्या सहा तारांच्या गिटारचे 0.012चे दोन सेट घ्या (तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात: 12-16-24-32-42-53). जाडीकडून: 42च्या दोन जी, 24च्या दोन डी, 16च्या दोन ए, 12च्या दोन वरच्या डी. 32 आणि 53 उरतील. 24ची डी जरा सैल वाटेल, पण चालते. एकूण ताण साधारण 70 किलो येतो. बारा तारांचा याहून बराच जास्त असतो, त्यामुळे गिटारला धोका नाही.

अडतं ते नटमध्ये. या चारपैकी खालच्या तीन जोड्यांत एकेक खाच बारीक तारेसाठी कापलेली असते. तीत जाड तार अडकते, सूर लावताना ‘टक्’ करून उडी मारते आणि मग सूर टिकत नाही. या तीनच खाचा बारीक कानशीने रुंद करा. खोली वाढवू नका, नाहीतर मोकळी तार पहिल्या पडद्याला घासेल.

दुसरं म्हणजे ताण कमी झाल्यावर मान मागे जाते आणि पहिल्या तीन-चार पडद्यांवर झणझण येते. ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) पाव फेरा सैल करा, एक रात्र जाऊ द्या, मगच पुन्हा बघा.

कृष्णाकाठ_सांगली
खाचांचं काम मिरजेत सतारवाल्यांकडे दिलं तर? आणि तिथेच जवारी काढून घेतली (तार झणकारावी म्हणून घोडी घासून घेतली) तर आवाज तंबोऱ्यासारखा होईल का?

तार_आणि_खुंटी
खाचांसाठी खुशाल द्या, हाडाच्या कामात त्यांचा हात बसलेला असतो. जवारी अजिबात नको. ती तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर शोभते. गिटारची घोडी अरुंद. तिथे तसं घासलं की पडद्यावर दाबलेला प्रत्येक सूर चिरका येतो.

मध्यम_पंचम
पट्टीबद्दल राहिलंच. पांढरी दोनमध्ये खालची जी म्हणजे मध्यम. भूपात तो वर्ज्य, यमनात तीव्र. अशा वेळी ती जोडी दुसऱ्या पडद्यावर दाबून ठेवा, पंचम मिळतो. काळी चारसाठी पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, मग तारा होतात सा, प, रे, प. हा रे शुद्ध आहे, त्यामुळे कोमल रे असलेल्या भैरवीतला अभंग आला की गडबड. तेव्हा ए जोडी जीपर्यंत उतरवा: सा, प, सा, प. सैल होते, जोरात मारू नका.

सूर पेटीवरूनच लावा, मोबाइलच्या ट्यूनरवर नाही. बऱ्याच पेट्या 440ला नसतात. आणि पेटीवाल्यांना सांगा, गंधार धरून ठेवायचा नाही. एवढं करून त्यांनी मेजर कॉर्ड दाबला तर सगळी मेहनत वाया.

आवाज_जोडणी
रेकॉर्डिंगला माइक भोकासमोर नको, तिथे नुसता घुमारा येतो. मान जिथे खोक्याला मिळते तिथून 20-25 सेंटिमीटरवर ठेवा. पिक (तारा छेडायची पातळ पट्टी) 0.60 ते 0.73 मिलिमीटरचा. त्याहून जाड पिकाने जोडीतली एकच तार वाजते.

संबळाबरोबर एका खोलीत घेऊ नका, तारा वेगळ्या घ्या. तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाका. कोरस इफेक्ट (एकच आवाज अनेकांनी वाजवल्यासारखा करणारा) नको, जोडीच्या तारांतला किंचित फरक तेच काम करतो. 80 ते 100 हर्ट्झखालचं कापून टाका, ती जागा ढोलकीच्या धुमाची आणि बेसची. पेटी आणि तारा 300 हर्ट्झच्या आसपास भांडतात. तिथे तारांचे 2-3 डेसिबल उतरवा, पेटीला हात लावू नका.