नेरूळच्या आमच्या सोसायटी ग्रुपवर : कुवेतचं युद्ध संपलं कधी?

वैशाली (ए-५०२): नमस्कार मंडळी. ओंकारला कुवेतहून ऑफर आलीये, पगार चांगला आहे. पण आखातातल्या बातम्या ऐकून सासूबाई नको म्हणतायत. ग्रुपवर कुणी तिथे राहिलंय का?

निखिल (बी-१०४): वहिनी, बिनधास्त पाठवा. १९९१ चं युद्धसुद्धा सहा आठवड्यांत आटोपलं होतं. चार दिवस गडबड होते, मग सगळं पूर्ववत.

सावंतकाका (सी-६०१): निखिल, आटोपली ती अमेरिका आणि मित्रदेशांची इराकवरची बॉम्बफेक. १७ जानेवारीला सुरू, २८ फेब्रुवारीला बंद. पूर्ववत मात्र काही झालं नाही. २ ऑगस्ट १९९० ला इराकच्या सद्दाम हुसेनचं सैन्य शिरलं तेव्हा मी कुवेतमध्येच होतो. जरा लांबलचक लिहितो, चालवून घ्या.

सावंतकाका: आमच्या ऑफिसात हिशेब बघणारा एक पॅलेस्टिनी होता. जन्म कुवेतचा, शाळा कुवेतची. त्या दिवसांत बेकरीसमोर खुबूससाठी, म्हणजे तिथल्या रोटीसाठी, पहाटेपासून रांग लागायची. हा स्वतःच्या वाट्यातलं शेजारच्या कुवेती म्हातारीला नेऊन द्यायचा, ती घराबाहेर पडायला घाबरायची म्हणून. पण तिकडे पॅलेस्टिनींचे नेते यासर अराफत सद्दामच्या बाजूने उभे राहिले. कुवेत इराकच्या ताब्यातून सुटल्यावर सरसकट सगळ्या पॅलेस्टिनींवर फितुरीचा शिक्का बसला. युद्धाआधी ते तिथे सुमारे ४ लाख होते. बरेच आधीच निघून गेले होते, राहिलेल्यांतल्या बहुतेकांना नंतर राहू दिलं नाही. हा बायकामुलांसह जॉर्डनला गेला. तिथे तो त्याआधी कधी राहिलाच नव्हता. अराफतांनंतरचे नेते महमूद अब्बास यांनी त्याबद्दल कुवेतची माफी मागितली ती डिसेंबर २००४ मध्ये. तोवर याची पोरं अम्मानमध्ये लहानाची मोठी झाली.

निखिल: पण काका, हल्ला तर कुवेतवर झाला होता ना? त्यांचा राग समजण्यासारखा आहे.

सावंतकाका: राग शंभर टक्के खरा. त्यांची ६०० च्या वर माणसं बेपत्ता झाली, कित्येकांचे अवशेष इराकच्या वाळवंटात वर्षानुवर्षांनी सापडले. इराकी सैन्याने जाताना ६०० हून जास्त तेलविहिरी पेटवल्या, शेवटची विझली नोव्हेंबर १९९१ मध्ये. माझं म्हणणं एवढंच की तो राग निघाला कुणावर? बिदून म्हणून लोक आहेत, पिढ्यान्पिढ्या कुवेतमध्ये राहणारे, पण नागरिकत्वाचा कागद नसलेले. कुवेतच्या सैन्यात आणि पोलिसांत त्यांचा मोठा भरणा होता. युद्धानंतर त्यांच्यावरच संशय घेऊन हजारोंना नोकरीवरून काढलं. आजही त्यातले सुमारे १ लाख लोक कागदाविना आहेत.

कुलकर्णी सर (ए-३०१): आपल्याकडचंही सांगतो, मी तेव्हा बँकेत होतो. तेलाचे भाव भडकले, कुवेत-इराकमधून येणारे पैसे थांबले. आधीच डबघाईला आलेली परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलै १९९१ मध्ये ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवावं लागलं. कारण केवळ युद्ध नव्हतं, पण शेवटचा धक्का त्याने दिला. त्यानंतरच्या आर्थिक धोरणात तुमची पिढी वाढली, निखिल.

शबानाताई (बी-३०३): माझे अब्बा पण तिथेच होते. आम्ही श्रीवर्धनला. सव्वा महिना त्यांची काही खबर नाही. बगदादवरून जॉर्डनच्या सीमेवर तंबूत राहून, अम्मानवरून एअर इंडियाच्या विमानाने आले. त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आणले होते. खिशात कुवेती दिनार होते, पण इराकने ते चलनच बाद केलेलं. मुंबईत कुणी बदलून देईना.

वैशाली: अरे देवा. मग भरपाई?

शबानाताई: मिळाली, पण खूप वर्षांनी. संयुक्त राष्ट्रांचा आयोग होता. तिथून निघावं लागलेल्या एकट्या माणसाला २५०० डॉलर, दुसरा कुठलाच दावा करणार नाही असं लिहून दिलं तर ४०००. अब्बांनी ४००० चा फॉर्म भरला. त्या पैशात घरावर स्लॅब पडला. पण अब्बांना एक गोष्ट कायम खात राहिली. तो पैसा इराकच्या तेलविक्रीतून कापून येत होता, सुरुवातीला ३० टक्के. आणि त्याच काळात इराकवरच्या व्यापारी निर्बंधांमुळे तिथली साधी माणसं रेशनवर जगत होती, पोरांना औषध मिळत नव्हतं. अब्बा आधी इराकमधल्या बसऱ्याला राहिलेले, तिथली माणसं त्यांना ठाऊक होती. म्हणायचे, सद्दामच्या ताटातला एक घास कमी झाला नाही, हे त्या लोकांच्या तोंडचं आपल्याकडे आलं.

सावंतकाका: अगदी बरोबर बोलायचे. निखिल, ती भरपाई इराक २०२२ पर्यंत फेडत होता. एकूण ५२.४ अब्ज डॉलर. सद्दाम गेला, सरकारं बदलली, आणि युद्धानंतर जन्मलेली पोरंही ते कर्ज फेडत राहिली. याला मी सहा आठवड्यांत आटोपलं कसं म्हणू?

निखिल: काका, यातलं काहीच माहीत नव्हतं. थोडं थोडं अजून लिहीत जा ग्रुपवर.

वैशाली: मग ओंकारला पाठवू का नको?

सावंतकाका: पाठवा की. मी स्वतः १९९३ ला परत गेलोच ना. कुवेतने आम्हाला दोन वेळचं अन्न दिलंय, त्या देशाबद्दल माझ्या मनात कडू काही नाही. फक्त त्याला सांगा, पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात ठेवायचा, तो कंपनीने ठेवून घेणं तिथल्या कायद्यातही बसत नाही. पगार दर महिन्याला इकडे पाठवायचा, तिथे साठवायचा नाही. आणि भारतीय दूतावासात नाव नोंदवायचं. आम्ही ते केलं नव्हतं, म्हणून घरच्यांना आमचा पत्ता लागला नाही. रविवारी सहानंतर घरी पाठवा त्याला, करारनामा घेऊन. एकेक कलम वाचून बघू.