रानभाज्या, कंद, फुलपाखरांची झाडं घरी लावलीत? अनुभव लिहा

गेल्या मार्चमध्ये मी करटोलीची कुंडी रिकामी केली. वेल सुकून नुसती सुतळी झाली होती, म्हणलं मेली, माती दुसरीकडे वापरू, आणि खुरपं घातलं तर खाली चांगला लिंबाएवढा कंद, तोही माझ्याच हाताने मधोमध चिरलेला. मग आईने सांगितलं की अगं ती दिवाळीनंतर झोपते, पाऊस पडला की उठते, तुला एवढंही माहीत नाही का. नव्हतं माहीत.

तर असे अनुभव हवेत. एकदा लावली की दरवर्षी आपोआप येणारी भाजी, कंद, किंवा फुलपाखरांसाठी लावलेलं इथलं झाडझुडूप. फजिती आधी लिहा.

याच करटोलीची त्याआधीच्या वर्षीची फजिती: मुरबाडच्या बाजारातून एका मावशींकडून 3 कंद आणले, जूनमध्ये कोंब आले, वेल ग्रिलवर गेली, संध्याकाळी पिवळी फुलं उमलायची, घरात सगळे खूश, आणि करटोलं एकही नाही. तिन्ही नर! मादी फुलाच्या मागे इवलंसं काटेरी करटोलं आधीपासूनच असतं, नराला नुसता देठ. हे मला ऑगस्टमध्ये कळलं.

अकोलेकर: आमच्याकडे याला काटवल म्हणतात. तुम्ही कंद आणले ते बरंच केलं, मी बिया लावल्या होत्या, 20 लावल्या अन् 2 उगवल्या, कवच लय कडक राहते. शिवाय बियांचं झाड नर की मादी हे फुल येईस्तोवर कळत नाही, म्हणजे वर्षभर पाणी घाला अन् वाट पाहा. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरते. गच्चीवर फुलांवर येणारे किडे फिरकत नाहीत म्हणून मी संध्याकाळी नराचं फुल तोडून मादीच्या फुलावर हाताने घासतो. बायको म्हणते देवाला फुलं वाहायला कधी एवढा वेळ दिला नाही.

डोंबिवलीची: मी शेवळं लावली आहेत, सुरणाच्या कुळातली ती रानभाजी, हसू नका. मूळ कंद गावच्या बांधावरचा, जंगलातून उपटलेला नाही. पहिली दोन वर्षं नुसतं पान आलं, एका दांड्यावर फाटक्या छत्रीसारखं. तिसऱ्या वर्षी मेअखेर एक शेवळ वर आलं आणि मी मोहात पडून ते तोडलं नाही, फुलू दिलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू विचारायला आल्या की तुमच्याकडे उंदीर मेलाय का! तो वास माश्या-भुंगे असल्या किड्यांना बोलवायला असतो, परागीकरण तेच करतात, पण हे काकूंना कसं समजावणार. पुढच्या वर्षी 2 आली ती मात्र सोडे घालून केली. काकडं, म्हणजे शेवळात घालायची आंबट रानफळं, मिळाली नाहीत, म्हणलं चिंचेवर भागेल. नाही भागलं, दुपारभर घसा खाजत होता आणि सासरे काही न बोलता ताक पीत बसले. शेवळाला काकडं लागतातच, आमच्याकडे तरी.

कोथरूड, तिसरा मजला: माझं भाजीपेक्षा भांडणच जास्त आहे. कढीपत्ता लावला आमटीसाठी आणि लिंबू लावलं हौसेखातर. दोन्हीवर पक्ष्याच्या शिटेसारखे ठिपके दिसले, नवरा फवारणीची बाटली घेऊन आला, तेवढ्यात एक ठिपका चालायला लागला. फुलपाखरांचे सुरवंट! मोठे झाल्यावर हिरवेगार होतात, बोट लावलं तर डोक्यातून नारिंगी शिंगं बाहेर काढतात आणि घाण वास सोडतात. आपलं राज्य फुलपाखरू, 2015 साली ठरलेलं ते ब्लू मॉर्मन, तेही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच अंडी घालतं, म्हणून मी वाट बघत बसलेय. अजून आलं नाही. आता घरात करार झालाय, एक कढीपत्ता आमटीचा, एक त्यांचा. त्यांचा दर पावसाळ्यात बोडका होतो आणि परत फुटतो.

रत्नागिरी: हे जरा गंभीर आहे म्हणून नीट वाचा. मी कणगर आणि कळलावी शेजारी शेजारी लावली. कळलावीची फुलं म्हणजे काय सांगू, ज्वाळा नुसत्या. पण हिवाळ्यात दोन्ही वेली वाळल्या, पाट्या पावसात पुसून गेलेल्या, आणि आई कणगरं उकडायला म्हणून खणायला बसली. टोपलीत एक कंद वेगळा दिसला, नांगरासारखा वाकडा, आणि नशीब तिला शंका आली. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन नावाचं विष असतं, जीव जाऊ शकतो. आता कळलावी कुंपणापलीकडे, आणि पत्र्यावर खिळ्याने कोरून नाव. पेनाने लिहिलेलं टिकत नाही ओ.

फोंडा: आमच्याकडे करटोलीला फागलां म्हणतात, चवथीच्या सुमाराला भाव विचारू नका. करांदे लावून बघा, काहीच करावं लागत नाही, पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखे लटकतात. फक्त बियाणं खाणाऱ्या माणसाकडूनच घ्या, रानातले कडू असतात.

न्यू जर्सी: इथे अळूच्या कुंड्या थंडीत गॅरेजमध्ये ठेवतो ते सोडून इथलंच काही लावायचं ठरवलं. मिल्कवीड लावलं मोनार्क फुलपाखरांसाठी, वसंतात बिया पेरल्या तर काहीच उगवलं नाही, त्यांना आधी थंडी खावी लागते, मग पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्येच पेरून बर्फाखाली सोडल्या आणि आल्या. भाजीत सनचोक, सूर्यफुलाच्या कुळातला इथलाच कंद. काचऱ्या केल्या, अप्रतिम झाल्या, पाहुण्यांनीही दोनदा घेतल्या. रात्रभर सगळ्यांचं पोट ढोलासारखं. त्यात इन्युलिन असतं, ते पचत नाही. ते पाहुणे परत आलेले नाहीत.

वसई: चौधारी घेवडा. फेब्रुवारीत लावला, पाऊसभर नुसता पाला, उपटणार होतो. दिवस लहान झाले तशी निळी फुलं आली, मग शेंगाच शेंगा. घाई करू नका एवढंच.

धागाकर्ती: सगळ्यांनी काय मस्त लिहिलंय! अकोलेकर, तुमची ती फुल घासायची पद्धत यंदा करणार. चिरलेला कंदसुद्धा, ज्याला मी मारलं असं वाटलं होतं, दोन्ही तुकड्यांतून फुटलाय. म्हणजे आता माझ्याकडे 4 नर झाले. ठाणे-कल्याण पट्ट्यात कोणाकडे जास्तीची मादी असेल तर अदलाबदल करू, एका मादीला दोन नर देते.