परदेशी सहकार्यात आपल्या वाट्याला हमालीच का?

रानवारा: जून २०२३ मध्ये युरोपच्या पल्सार गटानं (पल्सार म्हणजे ठरावीक वेळानं रेडिओ ठोके पाठवणारे मृत तारे) त्या ठोक्यांच्या वेळेवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातल्या सूक्ष्म थरथरीची, चाहूल लागल्याचं जाहीर केलं. सोबत आपला इनपीटीए होता, म्हणजे नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं पल्सार बघणारा गट. आपलं काम काय? वाटेतल्या आयनद्रव्यामुळे (विद्युतभारित वायूमुळे) पल्सारच्या सिग्नलला होणारा उशीर मोजून द्या. लहरी त्यांच्या, साफसफाई आपली! जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतही तेच. तिथल्या सीएमएस डिटेक्टरच्या बाह्य हॅड्रॉन कॅलरीमीटरचे (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या थराचे) सिंटिलेटर, म्हणजे कण आदळला की चमकणारे तुकडे, मुंबईच्या टीआयएफआर संस्थेनं बनवले, तिथे सापडलेल्या हिग्ज कणाच्या गप्पांत कुणाला आठवतंय?

खगोलवेडा: साफसफाई? हा उशीर वारंवारितेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १४०० मेगाहर्ट्झपेक्षा ४०० ला तो बारापट दिसतो, म्हणून तिथेच नीट मोजता येतो. जीएमआरटीत ३० डिशांचे गट पाडून वारंवारितेचे हे दोन्ही पट्टे एकाच वेळी बघतात. हे चुकलं तर लहरीच खोट्या निघतील. आणि त्यांचा डेटा जवळपास २५ वर्षांचा, आपला साडेतीन, तोही त्यांच्या २५ पल्सारांपैकी १० साठी. मग पुढच्या खुर्चीत कोण बसणार?

रानवारा: महत्त्वाचं नाही असं कुठे म्हटलं? निष्कर्षाचा मसुदा कुणाच्या हातात असतो ते बोला.

पोस्टडॉक_बिचारा: मसुदा सोडा हो. २०१५ चा हिग्जच्या वस्तुमानाचा ॲटलस आणि सीएमएस या सर्नच्या दोन प्रयोगांचा पेपर बघा: ५१५४ लेखक, ३३ पैकी २४ पानं नुसती नावं आणि संस्था. यादी आडनावाच्या अक्षरानुसार. रात्रपाळीत डिटेक्टर सांभाळणारा आणि आकड्यांचं विश्लेषण करणारा एकाच ओळीत. कुणी काय केलं ते अंतर्गत नोट्समध्ये असतं, आणि त्या बाहेरच्याला दिसत नाहीत. एका निवड समितीनं मला विचारलं, "यात तुमचं नेमकं काय?" आता शिफारसपत्रावर भिस्त. ओळखीच्याचं फावतं, बाकीचे लटकतात.

खगोलवेडा: हे मान्य. पण त्यावर उपाय कामाची वाटणी बदलणं नाही, कामाची नोंद उघड करणं हा आहे. एसकेए या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीच्या प्रकल्पात तर दुर्बीण चालवणारं सॉफ्टवेअर बनवण्यात पुण्याचं एनसीआरए, म्हणजे जीएमआरटी चालवणारी संस्था, पुढे आहे. केंद्रानं त्यासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केलेत, आणि निरीक्षणाचा वेळ वाट्याप्रमाणे मिळणार.

रानवारा: वेळ मिळेल हो. पण त्या वेळेत काय बघायचं याचे प्रस्ताव लिहिणारी पोरं किती आणि कोड लिहिणारी किती, ते आधी सांगा.