सात मुलांची शाळा आणि 'परवडत नाही' ही सबब

तिसरी घंटा
कालच्या चर्चेत 'करदाता' यांनी लिहिले की सात मुलांमागे दोन शिक्षक पोसणे ही चैन असून, अशा शाळा बंद कराव्यात, मुलांना गाडीने मोठ्या शाळेत न्यावे आणि वाचलेल्या पैशांतून तिथे प्रयोगशाळा बांधावी. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो, पण 'पोसणे' हा शब्द घशाखाली उतरेना.

मी एकोणीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणारी सरकारी मंजुरी, डोकी मोजते, शिकवणाऱ्याला मात्र इयत्ता मोजाव्या लागतात, आणि सगळा घोळ इथेच आहे. माझ्या खोलीत दोन फळे आहेत. एकावर पहिलीची मुळाक्षरे असतात, दुसऱ्यावर चौथीचा भागाकार, आणि तिसरीतला एकुलता एक मुलगा मधल्या खांबाला टेकून 'सर, माझं कधी?' असे विचारतो. मुले सात असोत वा सत्तावीस, पाच इयत्तांचे पाठ पाचच राहतात. म्हणूनच शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत, आणि सहावी ते आठवीसाठी गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे व भाषा यांना किमान एकेक. असे असताना 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षकाचे पदच उडण्याची वेळ आणली. शिक्षण खात्याचा बहुतांश खर्च वेतनावर होतो, त्यामुळे काटकसर म्हणजे पदे गोठवणे, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

करदाता
आपण फळ्यांचे वर्णन सुरेख केले, पण पटाचा इतिहास सोयीस्करपणे वगळला. ऑक्टोबर 2011 च्या पटपडताळणीत राज्यभर कागदावरची मुले किती निघाली, हे इथल्या कोणीही विसरलेले नाही. आधार वैध पटाचा, म्हणजे आधार क्रमांक जुळलेलीच मुले मोजण्याचा, आग्रह हा त्याच लबाडीचा परिणाम आहे. शिवाय शिक्षक अतिरिक्त ठरला तरी त्याची नोकरी जात नाही, समायोजन होते, म्हणजे त्याला दुसऱ्या शाळेतल्या रिक्त जागेवर पाठवतात. तेव्हा 'नोकऱ्या जाणार' ही हाकाटी खोटी आहे.

आणि आता स्वतःचे सांगतो. माझ्या आजोळच्या गावात दोन्ही गुरुजी तालुक्याहून एकाच मोटारीतून येतात. परिपाठ साडेदहाचा असला तरी मोटार अकराला पोहोचते, आणि पावसाळ्यात कधी पोहोचतही नाही. घरभाडे भत्ता मात्र मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहत असल्याचा दाखला देऊन दरमहा घेतला जातो. आधी गावात राहा, मग हक्कांची भाषा करा.

ओढ्यापलीकडे
हा मुख्यालयाचा विषय निघाला की मूळ प्रश्न बाजूला पडतो, हे ठाऊक असूनही मी त्यात पडते आहे, कारण आयुष्यातली चार वर्षे मी मुख्यालयी राहून काढली आहेत. मिळालेली खोली म्हणजे गोठ्याला लागून पत्र्याचा आडोसा होता आणि न्हाणीला दार नव्हते. मुलीला ताप भरला तेव्हा पहाटेच्या पहिल्या एसटीची वाट पाहत मी फाट्यावर बसले होते. मुख्यालयी राहिल्याचा ग्रामसभेचा ठराव आणा, असे सांगणाऱ्या साहेबांचे स्वतःचे बिऱ्हाड जिल्ह्याच्या गावी होते. शिक्षकाने गावात राहावे हे मलाही पटते, परंतु शिक्षक निवास बांधणार कोण?

करदाता
गैरसोय खरी असेल, पण मग भत्ता नाकारा. दाखला खोटा, सही खरी आणि शाळेच्या भिंतीवर सत्याचे सुविचार, हे मला सहन होत नाही.

ओढ्यापलीकडे
आपल्याला काय सहन होत नाही हे कळले. दाराविना न्हाणी मला सहन करावी लागली, याची मात्र आपल्या उत्तरात दखल दिसली नाही. ठीक आहे, खोटे दाखले देणारे सहकारी मी पाहिले आहेत, हे मान्य करते. त्यांच्यावर कारवाई करा. त्यांची शिक्षा चौथीच्या पोरांना कशासाठी?

प्रतीक्षा यादी
आपण तिघेही भत्ता, बिऱ्हाड आणि मोटार यांवर भांडू शकता, ही चैन मला उपलब्ध नाही. मी डी.एड., टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि अभियोग्यता चाचणी असे सगळे उंबरठे ओलांडून पवित्र पोर्टल या शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावरच्या जाहिरातीची वाट पाहतो आहे. 'समायोजन होते' हे करदाता यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे, म्हणून त्यांचे अभिनंदन. फक्त अतिरिक्त गुरुजी ज्या रिक्त जागेवर बसतात ती माझी असते, आणि त्यांचे मूळ पद रद्द झालेले असते. नोकरी कोणाचीच गेली नाही, कारण ती मला मिळालीच नव्हती. मधल्या काळात लहान शाळांवर पंधरा हजार मानधनात निवृत्त शिक्षक नेमण्याचा निर्णयही होऊन गेला. म्हणजे काम होते, माणूसही हवा होता, नको होती ती कायम वेतनश्रेणी.

तिसरी घंटा
प्रतीक्षा यादी यांनी नेमके बोट ठेवले. 'परवडत नाही' हे उत्तर तर फार जुने आहे; राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्चावेत, असे कोठारी आयोगाने 1966 साली सांगितले आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. करदाता, बनावट पट शोधायलाच हवा, पण माझी सात मुले बनावट नाहीत. गाडीचेही सांगतो. आमच्याकडच्या मोठ्या शाळेची वाट ओढ्यातून जाते, आणि जुलैत ओढा उतरेपर्यंत गाडी अलीकडेच थांबते. शेजारच्या वस्तीवरची सातवीतली मुलगी पहिल्या पावसात आठ दिवस घरी बसली आणि नंतर भावाला सांभाळायला कायमची घरी राहिली.

करदाता
ओढ्यावर पूल नसेल तर शाळा बंद करू नये, इतके मी मान्य करतो. याहून अधिक माझ्याकडून अपेक्षा ठेवू नये. पूल झाल्यावर पुन्हा बोलू, आणि तेव्हा मोटार अकराला का येते याचेही उत्तर तयार ठेवा.

तिसरी घंटा
पुलाची मागणी ग्रामसभेच्या इतिवृत्तात मी शाळेवर रुजू होण्याआधीपासून आहे. आपले आजोळ त्याच बाजूला असेल, तर येत्या ग्रामसभेला अवश्य या. मोटारीने आलात तरी चालेल.