पत्र तपासणं वेगळं, गावाला सांगणं वेगळं

'जेलात गेला की कसली आली प्रायव्हसी' असं वर एकांनी लिहिलंय. अजिबात पटलं नाही. सुरक्षेसाठी झडती घ्या, पत्रं तपासा, त्याबद्दल वाद नाही. पण कैदी झाला म्हणून माणसाचे मूलभूत हक्क सगळेच्या सगळे गळून पडत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच सुनील बत्रा प्रकरणात सांगितलंय. त्याच कोर्टाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणाही संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात येतो हे पक्कं केलं.

विदर्भातल्या आमच्या गावात शेजारच्या काकूंचा मुलगा कच्चा कैदी होता, म्हणजे गुन्हा सिद्धही झालेला नव्हता. काकूंना वाचता येत नाही, म्हणून त्याची पत्रं मी वाचून दाखवायचो. पाकीट फोडलेलं, कोपऱ्यात जांभळा शिक्का. एकदा त्याने स्वतःच्या आजाराबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या. पुढच्या मुलाखतीला काकू गेल्या, तर तिथल्या एका शिपायाने रांगेत सगळ्यांसमोर त्या आजाराचं नाव घेऊन चौकशी केली. रांगेत आमच्याच भागातले दोघं होते. आठवडाभरात कापूस वेचणाऱ्या बायाही तेच बोलू लागल्या. काकू मला एवढंच म्हणाल्या, "माह्या लेकराचं दुखनं साऱ्या गावाले कायले सांगतलं?"