मुखपृष्ठ बघून लोक शेतीचं पुस्तक समजतात, मदत हवी आहे

मंडळी, माझी पहिली कादंबरी छपाईला जायची आहे. डेमी आकार, 216 पानं. सगळं तयार, मुखपृष्ठावर घोडं अडलंय.

गोष्ट आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-रावेर या केळीच्या पट्ट्यातली. रात्री केळी भरून उत्तरेकडे निघालेला ट्रक पोचतच नाही, आणि ड्रायव्हरचा माग काढायला बागवाल्याची सून निघते. म्हणजे रहस्यकथाच, फक्त केळीच्या धंद्यात घडणारी.

पहिलं मुखपृष्ठ आलं ते असं: हिरवीगार बाग, मागे सूर्यास्त, पुढे घड. घडातली केळी खाली तोंड करून! अहो, आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल, फणीतली केळी वर वळतात, खाली लोंबतं ते केळफूल. तेवढं दुरुस्त झालं असतं. पण नमुना प्रत फैजपूरला ओळखीच्या दुकानात तासभर ठेवली, तर पहिल्याच गिऱ्हाइकानं उलटीसुलटी करून विचारलं, "भो, याच्यात टिश्यूच्या रोपांचं लिव्हेल हाये का?" दुसऱ्याला केळीवरच्या करपा रोगाचं औषध हवं होतं.

मग दुसरं करून घेतलं. काळी रात्र, सुरा, लाल शिंतोडे. बायको म्हणाली, हे एसटी स्टँडवरचं वाटतंय. खरंय. सुरा बघून घेणारा माझी पहिली चाळीस पानं, ज्यात नुसते भाव आणि भराई आहे, ओलांडायचा नाही.

मला वाचक हवेत दोन: सावकाश उलगडणारं रहस्य आवडणारे, आणि पुण्या-मुंबईला गेलेली आपली खान्देशी मंडळी. दोघांनाही थांबवेल असं काय दाखवू?

प्रतिसाद १
नावात केळी आहे का? असेल तर चित्रात परत कशाला? माझ्या डोळ्यासमोर येतोय तो पांढरा सदरा, त्यावर केळीच्या चिकाचा डाग. आपल्याकडचा लगेच ओळखेल, बाहेरच्याला वाळलेलं रक्त वाटेल. डागाला लाल अजिबात मारू नका, तपकिरी-काळाच राहू द्या. चित्र मोबाईलवर नखाएवढं करून नाव वाचता येतंय का बघा. आणि मलपृष्ठावर ट्रक निघाला इथंच थांबा, सून आत राहू दे.

प्रतिसाद २
पांढरं करणार असाल तर लॅमिनेशन हवंच, दुकानात हाताळून मळतं. फाइल सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, आणि चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. पुस्तकाच्या कण्याची रुंदी आतला कागद पक्का झाल्यावरच काढा. एकानं घाई केली, कण्यावरचं नाव घसरून पुढं आलं.

धागाकर्ता
नावात केळी आहेच, घड उडवतो. सदरा घरातच निघाला, वडिलांचा, कापणीचा. पण डाग उजव्या खांद्यावर आहे, घड वाहून वाहून पडलेला. रक्त वाटायला तो खिशापाशी हवा. सरकवला तर आपली माणसं पकडतील का?